उर्फ व्हिलन

एक सीन आठवा. ‘द रिटर्न ऑफ द किंग’ सिनेमा. मिनास टिरिथच्या वेढ्यात वरून भलेमोठे दगड येतायत. ऑर्कांची फौज सैरावैरा पळतेय. चेहऱ्यावर गाठी आलेला, एक डोळा जवळपास बुजलेला त्यांचा सेनापती मात्र जागचा हलत नाही. दगड अगदी अंगावर येतोय म्हटल्यावर तो फक्त एक पाऊल बाजूला सरकतो. दगड धपकन शेजारी पडतो आणि हा गडी त्याच्यावर थुंकतो.

आमच्या हॉस्टेलमध्ये हा सीन आम्ही तीनदा मागे नेऊन पाहिला होता. शिट्ट्या, टाळ्या, सगळं झालं. आता सांगा, त्या सेनापतीचं नाव काय? गूगल न करता!

नाही ना आठवत? मलाही आठवत नव्हतं. सॉरॉन सगळ्यांना माहीत असतो. पण मोठ्या व्हिलनच्या हाताखाली जे राबतात, मारतात आणि शेवटी मरतात, त्यांची नावं कोण लक्षात ठेवतं? खरं तर लेखकाने तीही कुठून तरी शोधून आणलेली असतात. कधी हजार वर्षं जुन्या शब्दांतून, कधी घरातल्या गमतीतून, कधी स्वतःच्याच जुन्या कागदांतून.

हा विषय डोक्यात शिरायला कारण आहे माझी इंटर्नशिप. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा पोलिसांच्या प्रेसनोटवरून चार ओळींच्या बातम्या लिहिणं येतं. त्यात एक शब्द हमखास असतो. उर्फ. आधी आईवडिलांनी ठेवलेलं नाव, मग ‘उर्फ’, मग गल्लीने ठेवलेलं. या दुसऱ्या नावात कधी एखादा प्राणी असतो, कधी शरीरातलं व्यंग, कधी गाव. पहिल्या आठवड्यात मी एका बातमीत ‘गुन्हेगार’ लिहिलं होतं. डेस्कवरच्या सरांनी ते खोडून ‘संशयित’ केलं आणि म्हणाले, ‘‘अरे, कोर्टाचं काम आपण नाही करायचं.’’

त्या रात्री मी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पुन्हा उघडलं. या वेळी हिरोंसाठी नाही, तर उर्फसाठी.

नावांचा कारखाना

जे. आर. आर. टॉल्किन (1892-1973) हे मुळात भाषेचे प्राध्यापक. ऑक्सफर्डमध्ये जुनी इंग्रजी शिकवायचे. पहिल्या महायुद्धात सॉमच्या लढाईत होते. तिथून परतल्यावर, 1919-20 मध्ये, त्यांनी ऑक्सफर्डच्या सुप्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशासाठी काम केलं. त्यांच्याकडे ‘डब्ल्यू’ अक्षराने सुरू होणारे काही शब्द होते. एखादा शब्द कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, नंतर तो कसा बदलला, हे शोधत बसणं ही त्यांची नोकरी. नोकरी सुटली, पण सवय काही सुटली नाही. ‘द हॉबिट’ 1937 मध्ये आलं, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954-55 मध्ये. त्यातल्या जवळपास प्रत्येक नावामागे एखादा जुना शब्द दडून बसलेला असतो.

आपल्याला हे समजायला खरं तर सोपं आहे. ‘शूर्पणखा’ हे नाव घ्या. शूर्प म्हणजे सूप. आजीच्या हातातलं धान्य पाखडायचं सूप, तेच. सुपासारखी नखं असलेली ती शूर्पणखा. ‘कुंभकर्ण’ म्हटलं की घागरीएवढे कान दिसतात. ‘दुर्योधन’ म्हणजे वाईट योद्धा नव्हे, तर ज्याच्याशी लढणं अवघड आहे असा. महाभारतात त्याला ‘सुयोधन’ही म्हटलंय. म्हणजे नाव कोण घेतंय यावर बरंच काही अवलंबून! आपल्याला ही नावं आरपार दिसतात, कारण ते शब्द अजून आपल्या घरात आहेत. आजच्या इंग्रजाला त्याच्या भाषेतले हजार वर्षांपूर्वीचे शब्द ऐकू येत नाहीत. टॉल्किनना यायचे.

आता त्यांच्या कानाने ऐकून बघा.

रोहनच्या म्हाताऱ्या राजाच्या कानाशी लागलेला तो पांढराफटक सल्लागार आठवतोय? त्याचं नाव ग्रीमा. जुन्या इंग्रजीत आणि जुन्या नॉर्स भाषेत ‘ग्रीमा’ म्हणजे मुखवटा. म्हणजे लेखकाने पहिल्याच भेटीत सांगून टाकलंय की हा मुखवटा घातलेला माणूस आहे. त्याचं उर्फ ‘वर्मटंग’. आज ‘वर्म’ म्हणजे अळी किंवा किडा, पण जुन्या इंग्रजीत तोच शब्द साप आणि ड्रॅगन यांच्यासाठी वापरायचे. म्हणजे सापाच्या जिभेचा. आइसलँडच्या जुन्या सागांमध्ये गुन्लाउग नावाचा एक कवी आहे. त्याचं टोपणनावही ‘सर्पजिव्ह’, कारण त्याच्या कविता झोंबायच्या. एकाच टोपणनावाने एक जण कवी ठरला, दुसरा व्हिलन.

मग शीलॉब. फ्रोडोला डंख मारणारी ती राक्षसी कोळीण. वाटतं, काहीतरी भयंकर प्राचीन एल्फ भाषेतलं नाव असणार. प्रत्यक्षात काय? ‘शी’ म्हणजे ती आणि ‘लॉब’ हा कोळ्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द. शीलॉब म्हणजे शब्दशः ‘ती कोळीण’. बस्स! मे 1944 मध्ये टॉल्किननी आपल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, पत्र लिहून विचारलं होतं की हे नाव बरं वाटतंय का. दोन शब्द सुटे ठेवले तर काहीच नाही, पण एकत्र लिहिले की अंगावर काटा येतो, असं त्यांना वाटत होतं.

आणि वॉर्ग. ते भलेमोठे लांडगे. जुन्या नॉर्समध्ये ‘वार्ग्र’ म्हणजे लांडगा. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे, समाजाने हाकलून दिलेला माणूस. गावाबाहेर काढलेला. आमच्या प्रेसनोटच्या भाषेत, तडीपार. आधी माणसाला गावाबाहेर काढायचं, मग त्याला लांडगा म्हणायचं, असा हा एका शब्दात मावणारा प्रवास. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवलं होतं.

गोल्फ, घोडा आणि मांजर

सगळीच नावं इतकी गंभीर नाहीत हां. काही चक्क विनोदातून आलीत.

‘द हॉबिट’मध्ये गोल्फिम्बुल नावाचा गॉब्लिनांचा राजा आहे. पूर्ण पुस्तकात त्याच्या वाट्याला एक-दोन वाक्यं येतात. एक धिप्पाड हॉबिट लाकडी सोट्याने त्याचं मुंडकं उडवतो. ते 100 यार्ड उडत जाऊन सशाच्या बिळात पडतं. लढाई जिंकली जाते आणि त्याच क्षणी गोल्फ या खेळाचा शोध लागतो! म्हणजे या बिचाऱ्या राजाचा जन्मच एका कोटीसाठी झाला.

दुसरा, ब्री गावातला बिल फर्नी. शत्रूला खबरा पुरवणारा, चवन्नीछाप माणूस. ब्री गावातल्या माणसांची बरीच आडनावं झाडापानांवरून आहेत. ‘फर्न’ म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे कातळावर, विहिरीच्या भिंतीत उगवतं ते नेचं. हा फर्नी नडलेल्या हॉबिटना एक मरतुकडा घोडा तिप्पट किमतीला, 12 चांदीच्या नाण्यांना विकतो. सॅम त्या घोड्याला नाव देतो, बिल. हाच बिल पुढे कथेतला सगळ्यांचा लाडका प्राणी होतो. नाव तेच. विकणारा आठवत नाही, घोडा आठवतो.

आणि आता माझी आवडती गोष्ट. सॉरॉन, तो महाभयंकर डोळा, सुरुवातीला कोण होता माहितीये? मांजर! 1917 मध्ये टॉल्किननी लिहिलेल्या एका कथेत नायकाला कैदेत टाकणारा व्हिलन आहे टेव्हिल्डो, मांजरांचा राजा. गळ्यात सोन्याचा पट्टा. नायकाला तो कामाला लावतो ते उंदीर पकडायला. पुढच्या काही वर्षांत टॉल्किननी ही कथा पुनःपुन्हा लिहिली. मांजराच्या जागी थू नावाचा जादूगार आला आणि त्या थूचा पुढे सॉरॉन झाला. ख्रिस्तोफरने 1984 मध्ये वडिलांचे जुने कागद छापले, तेव्हा टेव्हिल्डो जगासमोर आला. हॉस्टेलच्या मेसमध्ये दुधाच्या पातेल्यावर डोळा ठेवून बसणारा तो बोका तुमच्याकडेही असेलच. तर, सॉरॉनचा पणजोबा तो!

गॉथमॉग: एका ओळीचा माणूस

आता सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर. दगडावर थुंकणाऱ्या त्या सेनापतीचं नाव गॉथमॉग. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या कथेत हे नाव फक्त एकदा येतं. त्याचा राजा मारला जातो आणि गॉथमॉग राहिलेल्या फौजा मैदानात उतरवतो. संपलं. तो ऑर्क आहे की माणूस, हेसुद्धा लेखक सांगत नाही. सिनेमा करताना पीटर जॅक्सनने त्या एका ओळीला चेहरा दिला, गाठी दिल्या, ती थुंकी दिली. त्या मुखवट्यामागे होता लॉरेन्स मकोआरे हा न्यूझीलंडचा माओरी अभिनेता.

गंमत म्हणजे हे नावही नवीन नव्हतं. टॉल्किनच्या फार आधीच्या कथांत गॉथमॉग नावाचा बॅलरॉगांचा सरदार आहे, आग पेटलेला राक्षस. तेच नाव त्यांनी हजारो वर्षांनंतरच्या या दुय्यम अधिकाऱ्याला दिलं. आपल्याकडे नातवाला पणजोबांचं नाव ठेवतात, तसंच काहीसं.

याच मकोआरेने पहिल्या सिनेमात बोरोमिरला बाण मारणारा तो दांडगा उरुक-हाय केलाय. त्याचं नाव लर्ट्झ. पुस्तकात लर्ट्झ नाहीच. सिनेमात तो सगळ्यांसमोर जन्मतो, लढतो, मरतो, पण त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. नाव कळतं ते शेवटच्या श्रेयनामावलीत, म्हणजे आपण थिएटरमधून उठून गेल्यावर.

नाव जातं तेव्हा

इथपर्यंत मजा वाटत होती. मग एक गोष्ट लक्षात आली. या कथांत व्हिलन जसजसा खाली घसरतो, तसतसं त्याचं नाव लहान होत जातं.

ग्रीमाचंच बघा. आधी ग्रीमा. मग लोक म्हणू लागले वर्मटंग. कथेच्या शेवटी त्याचा मालक सारुमान त्याला नुसतं ‘वर्म’ म्हणतो. किडा. फ्रोडो त्याला सांगतो की तुला याच्या मागे जायची गरज नाही, इथे थांब, खायला मिळेल, विसावा मिळेल. ग्रीमा क्षणभर थांबतोही. पण सारुमान त्याचं पाप सगळ्यांसमोर सांगतो, तोंडावर लाथ मारतो आणि त्यानंतर तिथे दोन प्रेतं पडतात. आधी मालकाचं, मग किड्याचं.

खुद्द सारुमानचंही तेच होतं. एवढा मोठा जादूगार शेवटी शायरमध्ये ‘शार्की’ म्हणून ओळखला जातो. पुस्तकातल्या एका तळटीपेनुसार हा शब्द बहुधा ऑर्कांच्या ‘शार्कू’वरून आला. त्याचा अर्थ, म्हातारा.

यातलं सगळ्यात भयानक पात्र मात्र ‘सॉरॉनचं तोंड’. होय, हेच त्याचं नाव. काळ्या दरवाज्यातून घोड्यावर बसून बोलणी करायला येतो तो. थिएटरमधल्या सिनेमात तो नव्हता, एक्स्टेंडेड एडिशनमध्ये आहे. तो ऑर्क नाही, भूत नाही. जिताजागता माणूस आहे. पुस्तक सांगतं की त्याचं नाव कुठल्याच कथेत नोंदलेलं नाही, कारण तो स्वतःच ते विसरलाय. कुणी हिरावून घेतलं नाही. साहेबाच्या वतीने इतकी वर्षं बोलला की स्वतःचं नाव घ्यायची वेळच आली नाही.

आणि ज्याच्यासाठी तो नाव विसरला, त्या साहेबाचं तरी काय? ‘सॉरॉन’ हे शत्रूंनी दिलेलं नाव. एल्फांच्या भाषेत त्याचा अर्थ, ज्याचा तिटकारा येतो तो. टॉल्किनच्या नंतरच्या टिपणांत त्याचं मूळ नाव मायरॉन आहे. म्हणजे वाखाणण्याजोगा. तोही एक ‘उर्फ’च निघाला.

‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्यांनी इथे रॅम्झी आठवावा. जॉर्ज मार्टिनच्या जगात सरदारांच्या अनौरस मुलांना वडिलांचं आडनाव मिळत नाही, प्रदेशाचं मिळतं. उत्तरेत स्नो, डॉर्नमध्ये सँड, नद्यांच्या मुलखात रिव्हर्स. म्हणजे आडनाव सांगितलं की जन्माची गोष्ट चारचौघांत उघडी! रॅम्झी स्नोला या आडनावाचा इतका राग की ते उच्चारणाऱ्याची खैर नाही. पुढे त्याला बोल्टन हे नाव मिळतं. पण ज्याला नावाचा डंख माहीत आहे, तोच थिऑनला कैद करून त्याचं नाव काढून घेतो आणि त्याला ‘रीक’ म्हणजे दुर्गंध म्हणायला लावतो. 2011 मध्ये आलेल्या ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’मध्ये थिऑनच्या प्रकरणांची शीर्षकं बघा. सुरुवातीला ‘रीक’. मग वेगवेगळी बिरुदं. आणि शेवटच्या प्रकरणाचं शीर्षक, ‘थिऑन’. तो माणूस परत आल्याचं आपल्याला अनुक्रमणिकेतूनच कळतं.

आणि हो, ‘स्नो’ हे आडनाव जॉनचंही आहे. म्हणजे नावामुळे कुणी व्हिलन होतो, असं म्हणायची सोय मार्टिनने ठेवलेली नाही.

कालकेची मुलं

आपल्याकडचं उदाहरण हवंय? ‘बाहुबली’ (2015). शेवटच्या युद्धात अंगाला काळं फासलेली, किंचाळणारी ती टोळी. कालकेय. त्यांच्यासाठी मदन कार्की यांनी किलिकी नावाची अख्खी भाषा तयार केली. तिच्यातलं एक वाक्य आमच्या हॉस्टेलमध्ये कितीतरी दिवस शिवीसारखं वापरात होतं. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. आणि तेच अपेक्षित होतं, नाही का? ज्याची भाषा कळत नाही, तो मेला तरी वाईट वाटत नाही.

पण कालकेय हे नाव सिनेमाने बनवलेलं नाही, ते महाभारतातलं आहे. वनपर्वात कालकेय दिवसा समुद्रात लपतात, रात्री बाहेर येऊन ऋषींना मारतात, म्हणून अगस्ती समुद्रच पिऊन टाकतात. हा झाला पराक्रम. आता नावाकडे बघा. कुंतीचा मुलगा कौंतेय. गंगेचा गांगेय. राधेचा राधेय. मग कालकेय?

कालकेची मुलं. कालका ही त्यांची आई. त्याच वनपर्वात, अर्जुन त्यांचं नगर उद्ध्वस्त करतो त्या कथेत सांगितलंय की कालका आणि पुलोमा या दोघींनी आपल्या मुलांना दुःख होऊ नये म्हणून मोठं तप केलं होतं. ‘राधेय’ म्हटलं की आपल्या डोळ्यांत पाणी येतं. ‘कालकेय’ म्हटलं की आपण शिट्टी वाजवतो. व्याकरणाचा प्रत्यय मात्र एकच.

दोन ऑर्क गप्पा मारतात

टॉल्किनना हा प्रश्न आयुष्यभर छळत राहिला. ऑर्क आले कुठून? अगदी सुरुवातीच्या कथांत ते जमिनीतल्या उष्णतेतून आणि चिखलातून बनवलेले आहेत. पण मग त्यांच्या मनात दुसरा विचार पक्का झाला. दुष्टाला काही निर्माण करता येत नाही, जे आहे ते फक्त बिघडवता येतं. त्यांच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये आलेल्या ‘द सिल्मारिलियन’मध्ये ऑर्क हे पकडून, छळून बिघडवलेले एल्फ आहेत. नंतरच्या टिपणांत ते माणसांपासून झाले असावेत, असाही विचार आहे. शेवटचं उत्तर त्यांना मिळालं नाही. कारण प्रश्नच अवघड होता. ऑर्कही आधी कुणीतरी होते असं मानलं, तर त्यांना गवतासारखं कापत जाणाऱ्या हिरोंचं काय करायचं?

म्हणून मला ‘द टू टॉवर्स’च्या शेवटचा एक प्रसंग फार मोठा वाटतो. शॅग्रॅट आणि गॉरबॅग हे दोन ऑर्क बोगद्यातून चालत गप्पा मारतायत. सॅम चोरून ऐकतोय. काय बोलतायत? वरच्या साहेबांविषयी कुरकुर. कोण कुणाची चुगली करेल याची भीती. युद्ध संपल्यावर चार भरवशाची पोरं घेऊन कुठेतरी निघून जाऊ, जिथे डोक्यावर कुणी साहेब नसेल, असा बेत. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी कुठल्याही ऑफिसखालच्या टपरीवर ऐकू येतं, तेच!

ते चांगले आहेत असं नाही. पळून जाऊन लूटमारच करायचा त्यांचा विचार आहे. पुढे एका चांदीसारख्या चिलखतावरून त्यांची भांडणं जुंपतात आणि शॅग्रॅट गॉरबॅगला ठार करतो. पण त्यांना नावं आहेत आणि त्यांचं बोलणं आपल्याला कळतं. म्हणून तो मेला की ‘एक ऑर्क कमी झाला’ असं वाटत नाही. गॉरबॅग मेला, असं वाटतं.

शब्द ‘व्हिलन’

आता शेवटचं नाव. खुद्द ‘व्हिलन’.

हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे शेतावरचा वाडा, आणि ‘व्हिलानुस’ म्हणजे त्या शेतावर राबणारा माणूस. व्हिलन म्हणजे मुळात गावातला, मातीतला माणूस. गढीतल्या लोकांनी हा शब्द आधी ‘गावंढळ’ या अर्थी वापरला, मग ‘हलका’ या अर्थी, मग ‘बदमाश’. शब्द वरून खाली ढकलत नेला आणि तळाला राहिला तो आपल्याला माहीत असलेला व्हिलन.

हसू नका. ‘गावठी’ हा शब्द आपण कॉलेजच्या कट्ट्यावर कसा वापरतो, ते आठवा.

टॉल्किनना या शब्दाचं वजन माहीत असणारच. कारण एका अतिशय नाजूक जागी त्यांनी तो ठेवलाय. गॉलम हे त्याचं खरं नाव नाही. घशातून येणाऱ्या आवाजावरून लोकांनी ठेवलेलं. खरं नाव स्मीगॉल, बीळ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून केलेलं. फ्रोडो त्याला स्मीगॉल म्हणून हाक मारतो आणि इतक्या वर्षांनी ते ऐकून तो बदलायला लागतो. डोंगरातल्या पायऱ्यांवर एका रात्री फ्रोडो आणि सॅम झोपलेत. गॉलम येतो, त्यांच्याकडे बघतो, हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला हात लावतो. त्या क्षणी तो म्हातारा, थकलेला, एकटा जीव असतो. तेवढ्यात सॅमला जाग येते. तो खेकसतो, चोरून कुठे जाऊन आलास असं विचारतो आणि त्याला व्हिलन म्हणतो.

तो क्षण निघून जातो, पुन्हा येत नाही. गॉलम त्यांना शीलॉबच्या बिळात नेतो.

आता माझं. एफवायला होतो तेव्हा हॉस्टेलमध्ये आमची ही सिनेमा मॅरेथॉन झाली. त्याच रात्री आम्ही मजल्यावरच्या एका मुलाला ‘गॉलम’ म्हणायला सुरुवात केली. तो बारीक होता, थोडा वाकून चालायचा, मेसमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा जेवायचा, घरी फोनवर अगदी हळू बोलायचा. आम्ही म्हणजे कोण, तेही सांगतो. नाव मी ठेवलं. सगळे हसले, मला बरं वाटलं. महिन्याभरात मेसवाले काकाही त्याला तसंच हाक मारू लागले. त्याने कधी तक्रार केली नाही. वर्ष संपल्यावर खोली सोडून गेला. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मोबाईलमध्ये त्याचा नंबर शोधला. त्याच्या नावाने सापडेना. ‘गॉलम हॉस्टेल’ म्हणून सेव्ह होता. परीक्षेच्या वेळी हजेरीच्या कागदावर माझ्या वरच्याच ओळीत असायचं, त्यामुळे त्याचं पूर्ण नाव मला माहीत होतं. नंबर त्या नावाने सेव्ह केला. इथे ते छापत नाही. त्याचं नाव आहे, छापायचं की नाही ते त्याने ठरवायचं.

तुमच्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्येही असं एखादं ‘उर्फ’ असेल. बघा एकदा.

मग त्याला मेसेज केला. त्याच्या खऱ्या नावाने सुरुवात करून, आमचं चुकलं असं लिहिलं. मग ‘आमचं’ खोडून ‘माझं’ केलं आणि पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं.

‘‘कोण?’’

माझा नंबर त्याच्याकडे सेव्ह नव्हता. मी माझं पूर्ण नाव लिहून पाठवलंय. निळ्या टिक आल्यात. उत्तराची वाट बघतोय.